नागपूरच्या उन्हात अँटिफ्रीझ कशाला?

नागपूरच्या नोंदींतले सर्वांत कमी तापमान 3.5 अंश सेल्सियस आहे आणि ते 29 डिसेंबर 2018 चे आहे. ज्या पहाटे चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या होत्या, त्या पहाटेसुद्धा अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या रेडिएटरमधले साधे पाणी गोठले नसते. मग इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे कूलंटचा, 'अँटिफ्रीझ', म्हणजे गोठू न देणारे, असे नाव छापलेला डबा आपण विकत का आणतो, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट न कळल्यामुळेच आपल्याकडचे कित्येक गाडीमालक एकतर वर्षानुवर्षे नळाचे पाणी घालत राहतात, किंवा रंग बरा दिसला की झाले, असे समजून हाताला लागेल तो डबा ओततात. मी हे दोन्ही करून पाहिले आहे.

चार वर्षांपूर्वी ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वर्धा रोडवर बुटीबोरीच्या थोडे अलीकडे, माझ्या गाडीचा टेम्परेचरचा काटा चढत चढत लाल रेघेला टेकला. त्याआधीच्या दिवाळीत एका गॅरेजमध्ये टाकीतली पातळी कमी दिसली म्हणून माझ्या गुलाबी कूलंटमध्ये हिरवे कूलंट ओतण्यात आले होते. हे चालते का, असे मी विचारले तेव्हा मेकॅनिक म्हणाला होता, "भाऊ, माल एकच राह्यते, कलर तेवढा अलग." पुढे उन्हाळ्यात पातळी पुन्हा खाली जाऊ लागली, तेव्हा घरच्या बोअरचे पाणी मीच दोन-तीनदा घातले. गाडी ओढून आणल्यावर दुसऱ्या मेकॅनिकने थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापले की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणाऱ्या झडपेची, हाउसिंग खोलून माझ्या हातात दिली. मे महिना सरता सरता कूलरच्या ताट्यांवर जसा पांढरा, खरबरीत थर चढतो, अगदी तसाच थर तिच्या आतल्या कडेला होता आणि त्यावर तपकिरी रंगाची, बोटाला चिकटणारी खळ साचलेली होती. वॉटर पंपाच्या पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. पहिल्या मेकॅनिकचे अर्धे म्हणणे मात्र खरे होते, आणि कूलंट समजून घ्यायचे तर त्या खऱ्या अर्ध्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

बाजारातल्या जवळपास प्रत्येक कूलंटचा मुख्य माल खरोखरच एक असतो: इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले की ते मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही, आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला ते साधारण 107 अंशांना उकळते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे साधे पाणी शंभराच्या एखादा अंश अलीकडेच उकळू लागते, पण त्याच कारणाने मिश्रणही तेवढेच अलीकडे उकळते, म्हणून ग्लायकॉलमुळे मिळणारी ही सवलत सुमारे सात अंशांचीच राहते. फार मोठी नाही, पण उपयोगाची आहे. येथे एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी पडते: एक किलो पाणी एका अंशाने तापताना सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता उचलते, तर निम्मे-निम्मे मिश्रण साधारण 3.4 किलोज्यूल एवढीच उचलते. म्हणजे 'कूलंट घातले की इंजिन पाण्यापेक्षा थंड राहते' ही समजूत चुकीची आहे. 'डबा जितका घट्ट तितका चांगला' असे म्हणून पाणी न मिसळता निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतणे तर नुकसानीचेच आहे, कारण शुद्ध ग्लायकॉल उष्णता आणखी कमी उचलते आणि गंमत म्हणजे उणे 13 अंशांच्या सुमारास गोठतेही.

आता आपल्या मे महिन्याचा हिशेब पाहू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे ढोबळमानाने आतले कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट 95 अंशांवर आणि डिसेंबरच्या सकाळची हवा 12 अंशांवर असेल, तर हा फरक 83 अंशांचा असतो. हवा 47 अंशांवर गेली, आणि 2013 च्या मे महिन्यात नागपूरने 47.9 अंशही पाहिले आहेत, तर फरक 48 अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम करण्याची ताकद निम्म्याहून जराच जास्त उरते. त्यात एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असल्यामुळे रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा आधीच आणखी तापलेली असते. समृद्धी महामार्गावर भर दुपारी, एसी लावून, 120 च्या वेगाने गाडी तासन्‌तास पळवणाऱ्याला ही सगळी बेरीज एकाच वेळी भरावी लागते.

या बेरजेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती बारने जास्त राहील (हवेचा नेहमीचा दाब सुमारे एक बार असतो), ते हा आकडा सांगतो. 1.1 बारचे झाकण नीट बसत असेल, तर साधे पाणीसुद्धा सुमारे 121 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे उत्कलनबिंदू वर नेण्याच्या कामी ग्लायकॉल सात अंशांची मदत करते आणि झाकण वीस-बावीस अंशांची. झाकणाचा रबर कडक झाला असेल, तर कितीही महागाचे कूलंट ओतले तरी ते ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडणार. कूलंटची चौकशी करण्याआधी झाकण पाहा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो आणि लोकांना ते फारसे पटत नाही, कारण झाकण बदलल्याचा रुबाब कुठे सांगता येत नाही.

गोठण्याची भीती नाही, उकळण्याचे बरेचसे काम झाकण करते, मग आपल्यासाठी कूलंटचे खरे काम उरते ते धातू वाचवण्याचे. मेकॅनिकच्या म्हणण्यातला खोटा अर्धा भाग येथे आहे. डब्यात ग्लायकॉल आणि पाण्याबरोबर अगदी थोड्या प्रमाणात, बहुधा शेकड्यात दोन-पाच भाग, क्षरणरोधक, म्हणजे धातूची झीज रोखणारी, द्रव्ये असतात आणि एका कूलंटचा दुसऱ्याशी जो काही फरक असतो तो मुख्यतः या द्रव्यांचा असतो. इंजिनच्या आत ॲल्युमिनियम, ओतीव लोखंड, पोलाद, कुठे तांबे, कुठे पितळ, असे वेगवेगळे धातू एकाच गरम द्रवात बुडालेले असतात आणि अशा वेळी एक धातू दुसऱ्याच्या जिवावर झिजू लागतो. शिवाय ग्लायकॉल स्वतः उष्णतेने हळूहळू विघटित होऊन आम्लधर्मी बनते. या दोन्ही गोष्टींना ही रक्षक द्रव्ये आवर घालतात. ती संपली की कूलंट दिसायला तेवढेच रंगीत राहते, पण आतून धातू खाऊ लागते.

रक्षक द्रव्यांची मुख्य घराणी तीन आहेत. जुने घराणे अजैविक क्षारांचे: सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट. हे क्षार धातूच्या सगळ्या पृष्ठभागावर चटकन पातळ थर चढवतात, म्हणून संरक्षण लगेच मिळते, पण ते लवकर खर्ची पडतात आणि साधारण दोन वर्षांत कूलंट बदलावे लागते. दुसरे घराणे सेंद्रिय आम्लांचे. ही आम्ले जेथे क्षरण सुरू होते तेथेच प्रामुख्याने खर्च होतात, त्यामुळे ती पाच वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतात. मात्र त्यांचे संरक्षण जमायला वेळ लागतो. तिसरे घराणे संकरित: सेंद्रिय आम्ले टिकण्यासाठी आणि त्यांच्या जोडीला चिमूटभर अजैविक क्षार चटकन थर चढवण्यासाठी. आजच्या बहुतेक गाड्यांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या घराण्याचे कूलंट असते.

या तिसऱ्या घराण्यात युरोप आणि जपान यांच्या वाटा फुटल्या, आणि त्यामागचे कारण आपल्यासाठी फार महत्त्वाचे आहे. युरोपातल्या बऱ्याच भागांत पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले, आहे. फॉस्फेट आणि पाण्यातले कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो, म्हणून तिकडच्या निर्मात्यांनी फॉस्फेट टाळून थोडे सिलिकेट घेतले. जपानी निर्मात्यांना सिलिकेटमुळे पंपाच्या सीलची झीज होते असे वाटले, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट घेतले. कोरियातल्या निर्मात्यांनीही फॉस्फेटचीच वाट धरली. आपल्या रस्त्यांवर मारुती सुझुकी, टोयोटा, होंडा, ह्युंदाई, किया यांची संख्या किती मोठी आहे ते सांगायला नको. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीत फॉस्फेटच्या वळणाचे कूलंट असण्याची शक्यता मोठी, आणि लेआउटमधल्या घरी पाणी येते ते बोअरचे, जड. माझ्या हाउसिंगवर चढलेल्या थराचा बराचसा खुलासा एवढ्यात होतो.

निवड कशी करायची याचे उत्तर त्यामुळे डब्याच्या पुढच्या बाजूवर सापडत नाही. ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत, शेवटच्या पानांवरच्या तपशिलांत असते. उदाहरणादाखल, टोयोटाच्या पुस्तिकांत जे वाक्य येते त्याचा आशय असा आहे: कूलंट इथिलीन ग्लायकॉलचे, दीर्घकाळ टिकणाऱ्या संकरित सेंद्रिय आम्ल पद्धतीचे असावे आणि त्यात सिलिकेट, अमाइन, नायट्राइट व बोरेट नसावे. पहिल्या वाचनात हे औषधाच्या चिठ्ठीसारखे वाटते, पण प्रत्येक नकाराला कारण आहे. सिलिकेट का नको ते वर आलेच. बोरेट तापलेल्या ॲल्युमिनियमला मानवत नाही, आणि आजच्या इंजिनचे हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचेच असते. नायट्राइट लोखंडाला उपकारक आहे, मोठ्या डिझेल इंजिनांच्या लायनरना, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्यांना, बुडबुड्यांच्या माऱ्यापासून वाचवायला ते मुद्दाम घालतात, पण ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला त्याचा फायदा नाही. शिवाय नायट्राइट आणि अमाइन एकत्र आले की आरोग्याला घातक संयुगे बनतात. म्हणूनच ट्रकसाठीचे कूलंट स्वस्तात मिळाले तरी कारमध्ये ओतू नये. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांसाठी जी 12, जी 13 अशा खुणा असतात आणि तेथे नेमकी तीच किंवा तिच्या जागी चालते असे निर्मात्याने सांगितलेली नंतरची खूण पाहावी. टाटा आणि महिंद्राच्या बाबतीत मॉडेलनुसार पुस्तिका पाहणे हाच मार्ग आहे. काही इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी वीज कमी वाहणारे खास कूलंट लागते. तेथे पर्यायाचा विचारही करू नये.

डब्याच्या मागच्या बाजूवर आयएस 5759, जेआयएस के 2234 किंवा एएसटीएम डी 3306 यांपैकी काही लिहिलेले असेल तर तो माल निदान एखाद्या मानकाचा दावा करतो आहे, एवढे कळते. पण मानक जुळणे आणि आपल्या गाडीच्या पुस्तिकेशी जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय, जपानी आणि अमेरिकी मानकांची नावे ओळीने छापून 'सर्व गाड्यांसाठी' असे लिहिलेले डबेही मिळतात. त्यातले काही चांगले असतात, पण रक्षक द्रव्ये कोणती हे ज्या डब्यावर कुठेच लिहिलेले नाही, तो मी परत ठेवतो.

रंगाबद्दल एवढेच पुरे आहे की तो निव्वळ रंग आहे. गळती चटकन दिसावी आणि चुकून कोणी पिऊ नये यासाठी तो मिसळतात, आणि कोणत्या रासायनिक घराण्याला कोणता रंग द्यायचा याचा जगभर चालणारा नियम नाही. हिरवा रंग जुन्या अजैविक कूलंटलाही असतो आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या नव्या कूलंटलाही असतो. गुलाबी टोयोटाचे असते, आणि गुलाबी म्हणून विकले जाणारे दुसरे काहीही असू शकते.

पाण्याचा विचार मात्र सविस्तर करायला हवा, कारण कूलंटमध्ये निम्मे किंवा त्याहून अधिक पाणीच असते. नळाचे पाणी, म्हणजे पेंच किंवा कन्हानचे, पिण्यासाठी उत्तम असले तरी त्यात विरघळलेले क्षार असतात, आणि शुद्धीकरणासाठी घातलेल्या क्लोरिनमधून आलेले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक छिद्रे पाडते. बोअरच्या पाण्याबद्दल कूलरच्या ताट्या दर उन्हाळ्यात आपल्याला सांगतच असतात: तेथे पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, तर इंजिनमध्ये सर्वांत तापलेल्या जागी, हेडच्या अरुंद वाटांमध्ये, तेच क्षार पापुद्रा धरतात, आणि पातळ पापुद्रासुद्धा उष्णतेला अडवतो. घरच्या आरओचे पाणी बोअरपेक्षा बरे, पण चवीसाठी त्यात काही क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी वापरा असा सल्लाही मिळतो. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण येतात, आणि तसेही मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत एसी बादली भरेल एवढे ठिबकत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी किरकोळ किमतीत मिळते, ते घ्यावे. मिसळण्याचा विचारच नको असेल तर रेडी-टू-यूज, म्हणजे पाणी आधीच मिसळलेले कूलंट घ्यावे. नागपूरसाठी मला तोच मार्ग सोपा वाटतो. त्यातही डब्यावर ग्लायकॉलचे प्रमाण पाहावे. एक तृतीयांश ग्लायकॉल असलेले मिश्रण उणे 18 अंशांपर्यंत टिकते आणि आपल्याला पुरेसे आहे. हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला गाडी नेणाऱ्याने निम्मे-निम्मे घ्यावे. तिसऱ्या हिश्श्याच्या खाली मात्र जाऊ नये, कारण ग्लायकॉलबरोबर रक्षक द्रव्येही पातळ होतात.

संपूर्ण कूलंट बदलताना एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. समजा, गाडीत 5 लिटर कूलंट मावते. जुने काढून पाण्याने आतून धुतल्यावर खालचा प्लग उघडला तरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये लिटर-दीड लिटर पाणी अडकून राहते. त्यावर रेडी-टू-यूज ओतले तर ते आतल्या पाण्याने पातळ होते. अशा वेळी आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी, म्हणजे प्रमाण निम्मे-निम्मे राहते. धुण्यासाठीचे शेवटचे पाणीही डिस्टिल्डच असावे, नाहीतर ब्लॉकमध्ये अडकते ते बोअरचे. भरून झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आतली हवा काढावी लागते. हवेचा एक मोठा बुडबुडा हेडमध्ये अडकला तर नवे कूलंट घालूनही काटा चढतो.

वेगवेगळी कूलंट मिसळल्यावर प्रत्येक वेळी माझ्यासारखी खळ होतेच असे नाही. बऱ्याचदा दिसायला काहीच होत नाही, फक्त पाच वर्षे टिकणारे कूलंट दोन वर्षांत निकामी होते आणि मालकाला ते कळत नाही. सिलिकेटचे प्रमाण जास्त असलेले कूलंट चुकीच्या जोडीदाराशी मिसळले तर मात्र जेलीसारखा साका धरू शकते. आत काय आहे हे ठाऊक नसेल, जुनी गाडी विकत घेतल्यावर बहुधा तसेच असते, तर भर घालत बसण्यापेक्षा सगळे काढून नव्याने भरावे. पातळी वारंवार खाली जात असेल तर भर घालणे हा उपाय नव्हेच. होजपाइप, पंपाचे सील आणि हेड गॅस्केट तपासून घ्यावे. रेडिएटर गळू लागला की चिमूटभर हळद टाकण्याची जुनी युक्ती ट्रकवाल्यांच्या जाड नळ्यांच्या रेडिएटरमध्ये कदाचित खपून जात असेल, आजच्या ॲल्युमिनियम रेडिएटरच्या बारीक नळ्या ती बुजवून टाकते. उन्हाळ्यासाठी थर्मोस्टॅट काढून टाकणे हीसुद्धा अशीच युक्ती आहे: जानेवारीत इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि मूळ दोष तसाच राहतो.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा, सावली पाहून थांबावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. दाब अचानक सुटला की आतले 110 अंशांचे कूलंट त्याच क्षणी उकळून तोंडावर येते. कापड धरून उघडले म्हणून ते टळत नाही. इंजिन निवल्यावर हाताशी असेल ते स्वच्छ पाणी घालून घर गाठावे, त्यात संकोच करू नये, पण नंतर सगळे काढून योग्य कूलंट भरावे. मी चुकलो तो या 'नंतर'लाच.

काढलेल्या कूलंटचे काय करायचे हा प्रश्न गॅरेजमध्ये सहसा कोणी विचारत नाही; ते सरळ नालीत जाते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, आणि मे महिन्यात पाण्यासाठी वणवण करणारे कुत्रे किंवा मांजर ते आनंदाने चाटते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. थोडेसेही पुरते, आणि माणसाच्या मुलालाही तोच धोका आहे. पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. जुने कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे, आणि उरलेले नवे कूलंट शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. माझ्याकडचे त्याच्याच डब्यात, वर गाडीचे नाव आणि भरल्याची तारीख मार्करने लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशा माळ्यावर असते.